गुरुवार देणार नाही

तुमच्या आठवड्यातला सुट्टीचा दिवस नक्की कोणाच्या मालकीचा आहे? उत्तराची घाई करू नका. ‘माझ्या’ असं म्हणणार असाल, तर मागच्या सुट्टीला ताटावर बसल्या बसल्या किती फोन घेतलेत ते आधी आठवा. ‘कंपनीच्या’ म्हणणार असाल, तर निदान खरं बोललात.

गेल्या वर्षी हा प्रश्न मला एका सहीपुरता सोडवावा लागला. बुधवारी संध्याकाळी बढतीचं पत्र हातात पडलं आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. चाकणच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात इंजिनिअर आहे. आम्ही गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवतो. बनलेला भाग बाहेर जाण्यालायक आहे की नाही, ते ठरवणं हे माझं काम. नऊ वर्षं मी ‘हा जाईल, हा जाणार नाही’ एवढंच म्हणत आले आहे आणि त्यापायी माझं नाव बऱ्यापैकी खराब आहे. तरीही नव्या प्लांटचा सगळा गुणवत्ता विभाग माझ्याकडे द्यायचा, असं वरच्यांनी ठरवलं. आमच्याकडे तशा खुर्चीवर तोवर एकही बाई बसलेली नव्हती. पत्र इंग्रजीत होतं, जाड कागदावर, दोन पानी. पगार पहिल्या पानावर होता. दुसऱ्या पानावर, नवव्या कलमात, माझा गुरुवार गेलेला होता.

गुरुवार म्हणजे काय, ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. पुण्यात रविवार असतो, आमच्याकडे गुरुवार. पिंपरी, भोसरी, चाकणच्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. वीज सगळ्यांना पुरावी म्हणून कधीतरी ही वाटणी झाली, असं जुने कामगार सांगतात. शाळा, बँका आणि कचेऱ्या मात्र जगाबरोबर रविवारीच बंद. म्हणजे बाप घरी असतो तेव्हा पोरं शाळेत आणि पोरं घरी असतात तेव्हा बाप मशीनवर. यावर आमच्या लोकांनी एक उपाय शोधला. जे काही चारचौघांत करायचं ते ओढूनताणून गुरुवारी आणायचं. बारसं गुरुवारी, साखरपुडा गुरुवारी, नवीन घरात दूध उतू घालायचं तेही गुरुवारी. त्यातून निम्म्या घरांत बायकांचा गुरुवारचा उपास. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मटण शिजायच्या ऐवजी साबुदाण्याची खिचडी शिजायची, आणि कामगारांच्या वस्तीत मटणाच्या दुकानापुढे रांग लागायची ती बुधवारी संध्याकाळी.

माझा पहिला वाढदिवस मंगळवारी येत होता. केक कापला गेला गुरुवारी. पुढे शाळेत नाव घालताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कारकुनाला केकची तारीख सांगितली, कारण त्यांच्या डोक्यात तीच बसली होती. कागदोपत्री मी स्वतःपेक्षा दोन दिवसांनी लहान आहे. आईचा फोन खऱ्या दिवशी येतो, कंपनीच्या शुभेच्छा दोन दिवसांनी.

अण्णा लातूरकडचे. चिंचवडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर टर्नर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. निगडीतल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. मी घडी घालायला शिकले ती कपड्यांवर नाही, पत्रकांवर. आडवी एक, उभी एक, आणि मथळा बाहेर. पहिलीत बाईंनी ‘ब’वरून शब्द विचारला तेव्हा बाकीच्यांनी बदक सांगितलं, मी ‘बेमुदत’ सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांचाही नवरा कंपनीत होता.

अण्णांचं सगळ्यात गाजलेलं पत्रक गुरुवारबद्दल होतं. त्यांच्या कंपनीनं एकदा मालाची घाई आहे म्हणून सलग गुरुवारी काम लावलं. बदल्यात दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या म्हणाले. अण्णांनी लिहिलं, की साप्ताहिक सुट्टी ही कंपनीनं कामगारावर केलेली मेहेरबानी नाही, ती त्याच्या लेकरांची मिळकत आहे, आणि लेकरांची मिळकत बापाला परस्पर देता येत नाही. हे पत्रक मला आजही पाठ आहे. कॉलेजात वादविवाद स्पर्धेत मी त्यातली वाक्यं ढापली आणि बक्षीस घेतलं.

आता माझं घर. मी, नवरा आणि चार वर्षांची मुलगी मोशीत राहतो. नवरा ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, त्याची सुट्टी रविवारी. माझी गुरुवारी. रविवारी मुलगी बापाची, गुरुवारी माझी. त्या दिवशी बारा वाजता तिला शाळेतून मी आणते, एरवी ती व्हॅननं येते. तिथून आम्ही दोघी स्कूटरवर निगडीला आईअण्णांकडे जातो आणि संध्याकाळी नवरा कॉलेजातून सरळ तिथे येतो. सगळी पाचही माणसं रात्री एका सतरंजीवर जेवतात असं आठवड्यातलं तेवढं एकच जेवण. ते फार थोर असतं असं नाही. आमटीत मीठ कमी असतं, मुलगी अण्णांच्या चष्म्यावर बोटं उमटवते, नवरा आणि अण्णा महापालिकेवरून वाद घालतात. पण मी त्या जेवणाच्या जोरावर शुक्रवार ते बुधवार काढते, यात शंका नाही.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता. मुलीला घेऊन दुपारी निगडीला पोचले. आईला पत्राचं सांगितलं. तिनं हात पुसले, देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, “वाच की. काय लिहिलंय त्यात?”

“इंग्रजीत आहे गं.”

“मग मराठीत वाच. तू इंजिनिअर झालीस का उगाच?”

अण्णा खुर्ची ओढून समोर बसले. निवृत्तीनंतरही ते दर गुरुवारी सकाळी युनियनच्या कचेरीत जातात, निवृत्त कामगारांच्या पेन्शनचे अर्ज लिहून देतात, आणि दुपारी जेवायला येतात. नुकतेच आले होते, घामाचा शर्ट तसाच होता.

मी एकेक कलम मराठीत सांगू लागले. पहिलं पान छान गेलं. हुद्दा, पगार, गाडीची सोय. अण्णा प्रत्येक कलमाला “हां” म्हणत होते, गेटवरच्या सभेत ठरावाला म्हणतात तसं. मग नववं कलम आलं. बुधवारी रात्री इंग्रजीत वाचलं होतं तेव्हा ते कलम इस्त्रीच्या कपड्यांसारखं वाटलं होतं, सगळीकडे असतं तसं, सरळ आणि नीटनेटकं. आता आईच्या तोंडाकडे बघत मला ते मराठीत सांगायचं होतं, आणि मराठीत त्याला इस्त्री करता येईना.

“धंद्याला गरज पडेल तसा सुट्टीचा वार बदलेल,” मी म्हणाले. “सुट्टीच्या दिवशी काम पडलं तर बदली सुट्टी मिळेल. ती तीस दिवसांत घ्यायची. नाही घेतली तर संपेल. आणि सुट्टीच्या दिवशीही फोनवर हजर राहायचं.”

“संपेल म्हणजे?” आई म्हणाली. “सुट्टी काय दूध हाय का नासायला?”

“म्हणजे मिळणार नाही.”

“म्हणजे गुरुवारी तू येणार नाहीस.”

“काही गुरुवारी येईन.”

“कोणत्या?”

याचं उत्तर त्या दोन पानांत नव्हतं. कंपनीला पाहिजे तेव्हा ते मला सांगितलं जाणार होतं.

आई ताटं घ्यायला आत गेली. मला वाटलं, आता अण्णा पेटतील. मी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी लहानपणी त्यांच्या सभेत पहिल्या रांगेत बसून पाहायची. अण्णा म्हणाले, “घेऊन टाक.”

“काय?”

“घेऊन टाक म्हणतो. तीस वर्षं आम्ही गेटच्या बाहेर उभं राहून बोंबललो. आज माझी पोरगी आत जाऊन त्या खुर्चीवर बसायलीय. आणि तू वाराचा हिशोब काय करायलीस? सात वार असतेत आठवड्यात.”

“अण्णा, तुमचंच पत्रक आहे. लेकरांची मिळकत बापाला देता येत नाही.”

“ते पत्रक होतं.”

“मग?”

“पत्रक कामगारांसाठी असतंय, माय. स्वतःच्या पोरीसाठी नसतंय.”

मी संतापले. कोणी माझ्या तोंडात मारली असती तरी एवढी संतापले नसते. मी म्हणाले, तुम्ही मला शिकवलंत आणि आता तुम्हीच फिरता. म्हणाले, मी तुमच्या गुरुवारांवर वाढले आहे. तुम्ही स्कूटर धुवायचात, मला पुढे उभं करून दुर्गा टेकडीला न्यायचात, आम्ही भेळ खायचो, आणि आता तेच माझ्या मुलीला मिळू नये असं तुम्ही म्हणता.

आतून आईचा आवाज आला, अगदी साधा, भाजी विचारावी तसा. “दोनदा.”

“काय दोनदा?”

आई ताटं घेऊन बाहेर आली. “टेकडीला. दोनदा नेलं ह्यांनी तुला. एकदा तू चौथीत होतीस तेव्हा आणि एकदा त्याच्या आधी. बाकीच्या गुरुवारी कुठं होते ते विचार. गुरुवारची सुट्टी वाचली पाहिजे म्हणून गुरुवारी सभा असायच्या. तुझं ते लेकरांच्या मिळकतीचं पत्रक वाटायला गेले तोही गुरुवारच होता. तुला ताप होता आणि मी तुला काखेत घेऊन बस पकडून दवाखान्यात नेलं.”

अण्णा म्हणाले, “आता ते कशाला काढायलीस?”

“मी काढलं नाही. तिनं काढलं.”

मुलगी तेवढ्यात म्हणाली, “आजी, पापड.” आईनं तिला पापड दिला. अण्णा उठले, गॅलरीत गेले आणि वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये पाठमोरे उभे राहिले. ते जेवले नाहीत. मी जेवले, पण चव सांगता येणार नाही. संध्याकाळी नवरा आला, त्याला वाटलं बढतीचा आनंद चालू असेल. त्यानं पेढे आणले होते. महापालिकेवरून त्या दिवशी वाद झाला नाही.

मी खोटं लिहिणार नाही. त्या दुपारी माझा पायाच काढून घेतल्यासारखं झालं. माझ्या बालपणीचे गुरुवार मी दोन भेळींवर उभे केले होते आणि उरलेले स्वतः भरले होते. एकटी आई उपासाला पाणी पिऊन दोन खोल्या झाडायची, मला अभ्यासाला बसवायची, दाराकडे बघायची, तो गुरुवार मला आठवतच नव्हता, कारण तो रोजच्यासारखा होता. आणि मग माझ्या लक्षात आलं, की यानं माझी बाजू लंगडी होत नाही, पक्की होते. अण्णांनी लिहिलेलं सगळं बरोबर होतं. ते फक्त त्यांनी स्वतःच्या घरी वाटलं नव्हतं. चळवळीतली पुष्कळ माणसं ही चूक करतात. दुसऱ्याच्या पोराचा बाप घरी राहावा म्हणून स्वतःच्या पोराचा बाप बाहेर ठेवतात. साहेब लोकांचं वेगळं असतं, ते तेवढंही कारण देत नाहीत. पण घरातल्या माणसाला दोन्हीकडून तेच दिसतं, न उघडणारं दार.

शुक्रवारी सकाळी नवरा मुलीचा डबा भरत होता आणि मी तिची वेणी घालत होते. मी त्याला विचारलं, तुला काय वाटतं. तो प्रामाणिक माणूस आहे, म्हणून त्यानं आधी डबा भरून संपवला.

“घ्यावंस असं वाटतं,” तो म्हणाला. “ताथवड्याला मोठं घर घेता येईल. माझं जाणं-येणं वाचेल. तुला ते काम येतं, तुझ्याइतकं तिथे कोणालाच येत नाही. आणि घेऊ नयेस असंही वाटतं.”

“हे काय उत्तर झालं?”

“खरं आहे ते सांगितलं. फक्त एक कर. नाही म्हणालीस तर माझ्यासाठी म्हणाले असं म्हणू नकोस. पोरीसाठी म्हणाले असंही नको. उद्या तिच्या डोक्यावर ते ओझं नको.”

“मग कोणासाठी म्हणू?”

“तुझ्यासाठी म्हण. तुला गुरुवारी आमच्यात बसायला आवडतं म्हणून.”

वेणी घालून झाली होती, पण मी तिचे केस हातात धरून तशीच बसले. मुलगी म्हणाली, “आई, सोड ना.” एवढं साधं कारण मला पत्रकांत कधीच सापडलं नव्हतं. तिथे हक्क होते, मागण्या होत्या, निषेध होता. ‘मला आवडतं’ असं कलम नव्हतं.

कंपनीत मात्र बातमी फुटली होती. कँटीनमध्ये मशीन शॉपचा सुपरवायझर हात धुता धुता ओरडला, “मॅडम, पार्टी कधी? का साहेब झाल्यावर आमच्याशी बोलणारच नाही?” दुसरा म्हणाला, “राव, त्या आताच कुठे बोलतात? नुसतं रिजेक्ट रिजेक्ट करतात.” मी हसले. माझ्या टेबलावर तपासणीच्या कामाला असलेली एक कंत्राटी ताई जेवत होती. तिला मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, की बहुतेक मी नाही म्हणणार, गुरुवार सोडणार नाही.

ती भाकरी मोडत म्हणाली, “तुम्हाला जमतं मॅडम. तुम्हाला कागद तरी देतात. आम्हाला बुधवारी सहा वाजता सांगतात, उद्या यायचं. नाही आलं तर परवा पण येऊ नको म्हणतात.”

ती माझ्यावर रागावली नव्हती, म्हणून तर जास्त लागलं. दोन घास खाल्ल्यावर तीच म्हणाली, “पण म्हणा तुम्ही नाही. कोणीतरी म्हणून बघा. काय होतं ते कळेल तरी.”

हे लिहिताना मला तिचा विसर पडू द्यायचा नाही. ज्याच्या हातात नाही म्हणणंच नाही, त्याला कुटुंबाचं महत्त्व सांगत फिरणं हा उद्दामपणा आहे. ओव्हरटाइम केला नाही तर ज्याच्या घरात पोरांची फी अडते, त्यानं काय निवडावं हे मी कोण सांगणार. माझं भांडण आमच्यासारख्यांशी आहे. ज्यांचं पोट भरलेलं आहे, ज्यांना कागद मिळतो, वाचायला चार दिवस मिळतात, आणि तरी जे मान खाली घालून सही करतात आणि घरी येऊन म्हणतात, तुमच्यासाठीच तर करतोय.

सोमवारी मी प्लांटच्या साहेबांकडे गेले. माणूस वाईट नाही. मशीनवर उभं राहून वर चढलेला, कामगारांची नावं पाठ असलेला. त्यांच्या केबिनच्या भिंतीवर आपण सगळे एक कुटुंब आहोत अशा अर्थाचा फलक आहे, वर्षातून एकदा घरच्या मंडळींना कारखाना दाखवायला आणतात तेव्हाचा फोटो त्याच्याखाली. तो दिवस रविवारी ठेवतात, म्हणजे आम्ही कामावरच असतो.

“सर, काम मला हवं आहे,” मी म्हणाले. “नववं कलम बदलून द्या. गुरुवार माझा राहील असं लिहून द्या, मी आत्ता सही करते.”

त्यांनी चष्मा काढला. “ग्राहकाचं ऑडिट वार बघून येतं का?”

“तारीख आधी ठरते, सर. गुरुवार सोडून ठरवता येते. आणि माझ्या हाताखाली चार माणसं असतील. त्यांतलं कोणी तरी गुरुवारी येईल, त्याच्या पाळीनं. त्याला वेगळा वार पक्का द्या.”

“एकाला दिलं की सगळे मागतील.”

“मागू देत की.”

ते हसले. “तुझे वडील युनियनमध्ये होते ना? कळतं.” मग जरा पुढे झुकून म्हणाले, “बघ, मीही दोन मुलींचा बाप आहे. थोरलीची दहावी कधी झाली मला समजलंसुद्धा नाही. आज दोघी परदेशात आहेत. कोणी तक्रार केली नाही.”

ते हे अभिमानानं सांगत होते. मला त्यांना विचारावंसं वाटलं, की तक्रार करायला त्या तुम्हाला कधी सापडल्या. विचारलं नाही. काही गोष्टी केबिनमध्ये बोलून उपयोग नसतो. मी पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “मग नाही, सर.”

“विचार कर. परत असं पत्र येणार नाही.”

“चार दिवस तोच विचार केला.”

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. ती खुर्ची माझ्यानंतर तीन वर्षांनी कंपनीत लागलेल्या मुलाला मिळाली. मोठ्या घराचं आम्ही तेवढ्यावर सोडलं. तो मुलगा हुशार आहे आणि मला मान देतो. मीही आता नव्या प्लांटलाच आहे आणि माझे रजेचे अर्ज त्याच्या हाताखालून जातात. पहिल्यांदा त्याची सही बघितली तेव्हा टोचलं, हे मी नाकारत नाही. पण एवढं टोचलं म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. माझ्याकडे आलेला भाग मी मापात बसला नाही की बाजूला काढते. मग तो कितीही चकचकीत असो. ते कलम माझ्या घराच्या मापात बसत नव्हतं.

अण्णांशी मात्र बिघडलं. पुढचे तीन गुरुवार ते युनियनच्या कचेरीतून उशिरा आले, मुकाट जेवले आणि पेपर उघडून बसले. माझ्याशी “भात वाढ” एवढंच बोलले. मला वाटत होतं, खुर्ची गेली म्हणून ते नाराज आहेत. त्यांना काय वाटत होतं ते कळायला मार्ग नव्हता. गेटवर तासभर बोलणारा माणूस घरात तोंड उघडेना. मी जिंकलेला गुरुवार असा जाणार असेल तर तो कशाला वाचवला, असंही एकदा मनात आलं. अण्णांचं माझ्याशी न बोलणं ही त्या निर्णयाची खरी किंमत होती. पगाराचं मला कधी एवढं लागलं नाही.

चौथ्या गुरुवारी मी आणि मुलगी निगडीला पोचलो तर दार उघडंच होतं. आत अण्णा जमिनीवर बसून शेंगदाण्याचं कूट करत होते. खलबत्ता दोन्ही पायांत धरलेला आणि निम्मे दाणे फरशीवर. आई ओट्याला टेकून उभी होती.

“आज कचेरीत नाही गेलात?” मी विचारलं.

उत्तर आईनं दिलं. “अर्ज लिहायचा वार बदललाय. आता बुधवारी बसणारेत म्हणे. सकाळपासून घरात हायेत. साखरेचा डबा कुठंय, चहाचं गाळणं कुठंय, चाळीस वर्षं झाली ह्या घरात राहून, काही ठाव नाही. माझं काम दुप्पट झालंय.”

अण्णा खाली बघूनच म्हणाले, “तिला सांग, शिकतो म्हणावं.”

“मला काय सांगता? ती समोर उभी हाय, तिला सांगा.”

अण्णांनी बत्ता खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मजकूर बरोबर होता त्या पत्रकाचा. दुरुस्ती लागत नाही त्यात.” मग मुलीला म्हणाले, “ये गं माय, दाणे गोळा करायला लाग. युनियनचं काम हाय हे, पगार नाही मिळत.”

ती बसली. तिनं गोळा केले त्याहून जास्त खाल्ले. आईनं मला खुणेनं आत बोलावलं आणि हळूच म्हणाली, “त्यांना काही बोलू नकोस. खिचडीत कूट जास्त झालं तरी चांगली झाली म्हण.” कूट जास्तच झालं होतं. मी चांगली झाली म्हणाले. संध्याकाळी नवरा आला तेव्हा महापालिकेवरून इतका मोठा वाद झाला, की शेजारच्या काकू काय झालं म्हणून डोकावून गेल्या.

त्यानंतरचे सगळे गुरुवार मी राखले आहेत. एक कंपनीनं मागितला होता, दिला नाही. कंत्राटी ताईला बुधवारी सहा वाजता सांगायची पद्धत थांबावी म्हणून आम्ही काही जणांनी अर्ज दिला आहे. त्याचं काय झालं ते अजून कळलेलं नाही, पण अर्जावर सह्या वाढत आहेत.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या नोकरीचं किंवा बढतीचं पत्र कपाटात कुठेतरी फायलीत असेल. येत्या सुट्टीच्या दिवशी ते बाहेर काढा. घरातल्या सगळ्यांना समोर बसवा, लहानांनाही. आणि ते पत्र त्यांना मराठीत, एकही कलम न गाळता, मोठ्यानं सांगा. ज्या कलमाला तुमची जीभ अडखळेल त्याच्यापुढे पेन्सिलनं खूण करा. घरचे जे प्रश्न विचारतील त्यांना ‘तुला नाही कळायचं’ म्हणू नका, प्रश्न तसेच्या तसे त्या पानाच्या मागे लिहून घ्या. आणि सोमवारी तो कागद घेऊन तुमच्या साहेबांपुढे जा.